अंतर्गत तपासणी, सोबत आणि केसपेपर

बाळंतपणात कळा सुरू असताना, न सांगता, दर तासाला वेगळ्या हातांनी अंतर्गत तपासणी (योनीमार्गातून बोटांनी केलेली) झाली, असा अनुभव एकीने लिहिलाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींप्रमाणे सगळं सुरळीत असेल तर कळांच्या पहिल्या टप्प्यात ती चार तासांनी एकदा पुरते. वारंवार केली की जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, पाणी गेल्यावर तर जास्तच. बाळ बाहेर येताना योनीमार्गाशी सरसकट छेद घेणं आणि पोट दाबून बाळ खाली ढकलणं, हेही त्याच शिफारशींत नाकारलंय. (आपल्याकडे दोन्ही सर्रास चालतं.)

सोबतीला एक स्त्री नातेवाईक ठेवायची परवानगी केंद्राने सरकारी रुग्णालयांसाठी २०१६ मध्येच दिली. तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, अशा साध्याच अटी आहेत. अडतं ते पडद्यांवर: एका खोलीत तीन-चार टेबलं, मध्ये आडोसा नाही, मग परक्या बाईला आत घेत नाहीत. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून ठेवा. कळा सुरू झाल्यावर दारावरच्या मावशींशी वाद घालणं कुणाला जमणार?

तक्रार करायची असेल तर आधी केसपेपरची प्रत लेखी मागा आणि पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार ती ७२ तासांत मिळायला हवी. त्यात पार्टोग्राफ (कळा कशा पुढे सरकल्या याचा तक्ता) शोधा, तपासण्यांच्या वेळा तिथेच असतात. तो कोराच निघाला तर तेही तक्रारीत लिहा.