शुगर आहे म्हणून हिरड्यांना अँटिबायोटिक? माझा विरोध आहे

अशोकचौककर: काल इथं एकानं ठासून लिहिलं, "शुगरवाल्यांनी दातांच्या सफाईबरोबर अँटिबायोटिकचा कोर्स घ्यायलाच हवा." वाचून रात्रभर डोकं तापलं. माझ्या आईला वर्षात दोनदा अमॉक्सिसिलिन-मेट्रोनिडाझोल दिलं, सफाई एकदाही नाही. जुलाब लागले, जेवण तुटलं आणि महिन्याभरात हिरड्यांतून पुन्हा रक्त. दाताला चिकटलेल्या थरात आणि कीटात गोळी नीट शिरतच नाही, तो खरवडूनच काढावा लागतो. शेवटी हिरडीखालची सफाई केली, तेव्हा कुठं तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) ८.९ टक्क्यांवरून ८.४ वर आली. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) हिरड्यांच्या उपचारानं हीच शुगर तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४३ नं उतरल्याचं आहे. युरोपच्या हिरडीतज्ज्ञांनी तर २०२० मध्येच सांगितलंय, सरसकट गोळ्या देऊ नका.

यंत्रमागवाला: आढावे तुमच्याकडंच ठेवा. माझ्या वडिलांचा गाल सुजला, ताप, शुगर तीनशेवर. गोळ्या नसत्या तर माणूस गेला असता!

अशोकचौककर: गालावर सूज, अंगात ताप, तिथं गोळ्या हव्यातच, पू काढायलाही हवा. मी रोजच्या हिरड्यांच्या दुखण्याबद्दल बोलतोय.

गड्डायात्री: मूळ मुद्दा राहिला बाजूला. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात बायका सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. आधी ती बंद करा, मग गोळ्यांवर भांडा.

पद्मा_विडी: तोंड सांभाळून बोला. माझी आई तीस वर्षं विड्या वळते. दाढ ठणकली की मिश्री लावते, कारण दवाखान्यात गेलं की दिवसाची मजुरी बुडते. तुमचा तो मावा कुणी काढला का इथं?

गड्डायात्री: मावाही वाईटच, मी सोडलाय. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच ना? जिथं घासतात तिथली हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं. माझ्या मावशीचे पुढचे चार दात असेच गेले. शेंगा चटणीशी कडक भाकरी खाणारी बाई आता भाकरी दुधात कुस्करून खाते. बघवत नाही.

पद्मा_विडी: मावशीचं वाईट वाटलं. पण बायकांना दोष देऊन दात वाचत नाहीत.

दातांचीडॉक्टर: अशोकचौककरांचं बरंचसं बरोबर आहे. पण सफाईला अँटिबायोटिकची जोड दिली तर दात आणि हिरडीमधले खोल कप्पे थोडे जास्त भरून येतात, हेही खरं. तरुण वयात सगळ्याच दातांची हाडं झिजली असतील तर मी विचार करते. मात्र तीन महिन्यांच्या शुगरमध्ये त्यानं ठाम जादा फायदा दिसत नाही. आणि मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू नको, हे मेडिकलवाला सांगत नाही.

अशोकचौककर: "थोडे जास्त" मान्य. नाइलाजानं. चिठ्ठीशिवाय पाच गोळ्या कापून देणारं मेडिकल मात्र मान्य नाही.

यंत्रमागवाला: वडिलांची सफाई राहिलीच आहे. सूज उतरली म्हणून आम्ही परत गेलोच नाही. पुढच्या आठवड्यात नेतो. पण गोळ्यांनीच वाचले, हे मी म्हणणारच.

पद्मा_विडी: आईला विचारलं. संध्याकाळची मिश्री सोडते म्हणाली, सकाळची नाही. सफाईला येईल, पण आठवड्याची मजुरी हातात आल्यावर.