सल्ला हवा: स्कूबासाठी छोटा अंडरवॉटर कॅमेरा कोणता घ्यावा?

घाटवाट
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात अंदमानात हॅवलॉकला ओपन वॉटर (स्कूबाचा सुरुवातीचा) कोर्स केला, आतापर्यंत नऊ डाइव्ह झाल्या. फेब्रुवारीत बायकोसोबत पुन्हा जातोय आणि या वेळी कॅमेरा न्यायचाच आहे. तिथल्या इन्स्ट्रक्टरने काढलेले फोटो छान आले, पण सगळ्यांत मीच आहे. शेवटच्या डाइव्हला एका दगडाच्या कडेला नखाएवढी निळी-पिवळी समुद्री गोगलगाय दिसली होती. मला ती हवी आहे.
बजेट हाउसिंग (कॅमेऱ्यावरचा वॉटरप्रूफ डबा) धरून ६५ हजार. भावाकडे गोप्रो आहे, त्यावर भागेल का? ओएम सिस्टिमच्या (पूर्वीचं ऑलिंपस) टीजी-७ कॅमेऱ्यावर १५ मीटर वॉटरप्रूफ लिहिलंय, मग वेगळं हाउसिंग लागतंच का? जुना टीजी-६ घेतला तर?

सागरगोटा
भावाचा गोप्रो व्हिडिओसाठी जरूर न्या. मात्र तो हाउसिंगशिवाय १० मीटरपर्यंतच. हाउसिंग घातलं की ६० मीटर. कासव, माशांचे थवे, बायको पोहताना, हे सगळं त्यात उत्तम येतं. गोगलगाय येणार नाही. त्याचा फोकस ठरलेला असतो, जास्तीची लेन्स लावल्याशिवाय वीतभर अंतरावरचं धूसरच दिसतं.

निळाई
घाटवाट, नखाएवढ्या जिवासाठी टीजीच घ्या, ६ किंवा ७. दोन्हींचा मायक्रोस्कोप मोड १ सेंटिमीटरवरून फोकस करतो. सेन्सर लहान आहे, १२ मेगापिक्सेल. आकडा बघून नाराज होऊ नका, पाण्यात मेगापिक्सेलपेक्षा जवळ जाता येणं महत्त्वाचं. टीजी-७ ला यूएसबी-सी मिळतं, बाकी फोटोंत फार फरक नाही. टीजी-६ चं पीटी-०५९ हाउसिंग दोन्हींना बसतं आणि ते ४५ मीटरपर्यंतचं आहे.

हाउसिंग लागतंच. तुम्हाला १८ मीटरपर्यंत जायची परवानगी आहे आणि कॅमेरा १५ चा, एवढं एक कारण पुरे. पण माझं खरं कारण दुसरं आहे.

दोन वर्षांपूर्वी अंदमानातल्या नील बेटावर डाइव्हच्या आदल्या रात्री मी कार्ड बदललं आणि टॉवेलवर ठेवून हाउसिंग बंद केलं. सकाळी साधारण सहा मीटरवर काचेच्या आत खालच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ दिसली. ओरखडा असेल म्हणून कॅमेरा तिरका केला, तर रेघ सरकली. पाणी होतं. बडीला (सोबतच्या डायव्हरला) खूण केली आणि दोघं नेहमीच्याच वेगाने, सेफ्टी स्टॉप (वर येताना थोडा वेळ थांबणं) घेऊन वर आलो. तोवर हाउसिंग अर्धं भरलं होतं. ओ-रिंगवर (हाउसिंग बंद करणाऱ्या रबरी कड्यावर) टॉवेलचा एक पांढरा धागा आडवा पडला होता, केसापेक्षा थोडा जाड. कॅमेरा वाचला, कारण तो स्वतःही १५ मीटरचा आहे. म्हणून मी टीजी म्हणते: हाउसिंग पहिली भिंत, कॅमेरा दुसरी. साध्या कॉम्पॅक्टचं हाउसिंग गळलं असतं तर कॅमेरा तिथेच संपला असता.

तेव्हापासून मी रिंग रोज रात्री काढते. बोटांनी दाबून फुगवटा आला की उचलायची, पिन किंवा सुई लावायची नाही. खाच कोरड्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसायची. मग हाउसिंगसोबत येतं तेच सिलिकॉन ग्रीस, मसुराच्या दाण्याएवढं, दोन बोटांत रिंग फिरवत लावायचं. रिंग चकाकली पाहिजे, चिकट लागता कामा नये. ग्रीस पाणी अडवत नाही, पाणी रिंग अडवते; ग्रीसने ती मऊ राहते, एवढंच. व्हॅसलीन किंवा खोबरेल नको. एसीची खोली असेल तर तिथेच बंद करा आणि आत सिलिका जेलची पुडी ठेवा, म्हणजे काच आतून धुरकटत नाही.

नवीन हाउसिंग पहिल्यांदा कॅमेऱ्याशिवाय, आत टिश्यू पेपर ठेवून बुडवा. नंतर दर डाइव्हला पहिल्या दोन-तीन मीटरवर थांबून काचेत बघा. खाली दाब वाढला की रिंग उलट घट्ट बसते, त्यामुळे गळती बहुधा वरच सुरू होते.

जुन्या टीजी-६ बद्दल: घ्यायला हरकत नाही, पण दारांची रबरं जुनी होतात. त्याच्या स्वतःच्या १५ मीटरवर विसंबू नका. हाउसिंग मात्र नवंच घ्या.

बांगडाप्रेमी
ताईंनी ग्रीसचं सांगितलं ते लाखमोलाचं. एक भर घालतो. बोटीवर सगळ्यांच्या कॅमेऱ्यांसाठी गोड्या पाण्याचा एकच टब असतो. त्यात कॅमेरा बुचकळा, बटणं दाबून मीठ सोडवा आणि लगेच बाहेर काढा. तिथेच ठेवून चहाला गेलात की दुसऱ्याचा जड कॅमेरा त्यावर आदळतो आणि कडी उघडते. हे डोळ्यांनी पाहिलंय.

मी मालवणचा. आमच्याकडे चार-पाच मीटर दिसलं तरी दिवस चांगला म्हणायचा. अशा पाण्यात कॅमेऱ्याचा फ्लॅश मारला की फोटोभर पांढरे ठिपके येतात. पावसाळ्यात आंबोली घाटात धुक्यात हाय बीम लावल्यावर जे होतं तेच. लेन्सला चिकटलेला उजेड समोरच्या गाळावर पडून परत येतो. म्हणून उजेड बाजूने हवा. छोटा टॉर्च डाव्या हातात धरून ४५ अंशांतून टाका, फ्लॅश बंद. पैसे उरले तर पुढच्या वर्षी स्ट्रोब (कॅमेऱ्यापासून दूर धरायचा वेगळा फ्लॅश).

घाटवाट
निळाई ताई, बांगडाप्रेमी, मनापासून आभार. रंगांचं काय करायचं? माझ्या फिन्स (पायातले पोहण्याचे पंख) लाल आहेत, १५ मीटरवर काळपट तपकिरी दिसत होत्या.

निळाई
लाल रंग पाणी सगळ्यात आधी खातं, पाच मीटरच्या खाली तो विरायला लागतो. टीजीत पाण्याखालचे व्हाइट बॅलन्स (रंग सुधारणाऱ्या सेटिंग) आहेत, उथळ, मध्यम आणि खोल. खोलीप्रमाणे बदला. त्याहून चांगलं म्हणजे पांढरी पाटी जवळ ठेवून हाताने सेट करणं, पण खोली बदलली की पुन्हा करावं लागतं. रॉमध्ये (कच्च्या फाइलमध्ये) काढा, घरी येऊन बरंचसं सावरता येतं. जवळच्या वस्तूवर टॉर्च टाकलात तर लाल तिथेच परत येतो. हातभर अंतरापलीकडचं काढायचा मोह टाळा, मधलं पाणी रंगही खातं आणि धारही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. नऊ डाइव्ह कमी आहेत. फेब्रुवारीत पहिल्या दोन डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय करा, बॉयन्सी (पाण्यात एकाच खोलीवर तरंगत राहणं) हातात येऊ द्या. स्क्रीनकडे बघताना माणूस नकळत दोन-तीन मीटर वर किंवा खाली जातो, हवेचा काटा बघायचा राहतो, बडी कुठे गेला कळत नाही. फोटो हलू नये म्हणून श्वास तर मुळीच रोखू नका. रोखलेल्या श्वासाने थोडं जरी वर तरंगलात तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. आणि तोल सावरायला प्रवाळाला हात लावायचा नाही. धरायला जागा नसेल तर तो फोटो सोडून द्या, गोगलगाय दुसऱ्या दगडावरही भेटते.

सागरगोटा
हाउसिंगला दोरी लावून बीसीडीला (हवा भरायच्या डायव्हिंग जॅकेटला) क्लिपने अडकवा, नुसती मनगटात नको. जादा बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाहीत.

घाटवाट
टीजी-७ आणि हाउसिंग मागवलं, कालच आलं. टिश्यू ठेवून अर्धा तास बादलीत दगडाखाली दाबून ठेवलं. टिश्यू कोरडा. रिंग काढताना मात्र खाचेत पॅकिंगच्या थर्मोकोलचा एक कण सापडला.

निळाई
मग खाच आणि रिंग पुन्हा पुसा आणि तीच चाचणी उद्या परत करा.