कसोटीचं सीझन तिकीट: पाच दिवसांचं घ्यावं की रोजचं काढावं?

क्रिकेट कसोटीचं पाच दिवसांचं एकत्र तिकीट, म्हणजे सीझन, स्वस्त दिसतं, पण सामना पाच दिवस चालतो का? मुंबईचं वानखेडे, पुण्याजवळचं गहुंजे आणि नागपूरचं जामठा इथे कसोटी बघणाऱ्यांनी हिशोब, जागा, तिकिटाच्या अटी, जे पक्कं माहीत आहे ते लिहावं. उत्तरं लिहिणाऱ्याच्या ठिकाणाच्या नावाखाली दिली आहेत.

दादर

आधी खेळाचे दिवस मोजा. 2013 ते 2024 या काळात या तीन मैदानांवर पुरुषांच्या 10 कसोट्या झाल्या. त्यातल्या 6 तिसऱ्या दिवशी संपल्या, 3 चौथ्या दिवशी. पाचवा दिवस उजाडला तो एकदाच, 2016 मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध, आणि तेव्हाही इंग्लंडचे उरलेले चार गडी सकाळीच बाद झाले. म्हणजे सरासरी साडेतीन दिवस. त्यातही शेवटचा दिवस बऱ्याचदा अर्धामुर्धा असतो. 2021 ला न्यूझीलंडचे शेवटचे पाच गडी चौथ्या दिवशी सकाळच्या सत्रातच गेले.

म्हणून सीझनच्या किमतीला रोजच्या किमतीने भागायचं. समजा सीझन 1,250 आणि रोजचं 400. पाच दिवसांचे 2,000 होतात, त्यामुळे 750 वाचल्यासारखे वाटतात. भागाकार मात्र 3.1 येतो. सामना तीन दिवसांत आटोपला तर रोजची तिकिटं 1,200 मध्येच झाली असती. भागाकार 3 च्या आत असेल तर डोळे झाकून सीझन घ्या. 3 ते साडेतीनच्या मध्ये असेल तर एकही दिवस चुकवणार नसाल तरच. त्याच्या वर असेल तर रोजचंच बरं. कसोटी लवकर संपली म्हणून सीझनचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

चिंचवड

दादरकरांच्या हिशोबात वार धरायला हवा. नोकरदार माणूस सीझन घेतो ते शनिवार-रविवारच्या आशेवर. वरच्या 10 पैकी 6 कसोट्या गुरुवारी सुरू झाल्या आणि त्यातल्या 4 शनिवारीच संपल्या. गहुंजेत 2017 ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध आणि 2024 ला न्यूझीलंडविरुद्ध हेच झालं. शुक्रवारी सुरू झालेल्या तिन्ही कसोट्यांत रविवारी खेळ झाला. गुरुवारची कसोटी असेल आणि सुट्टी मिळणार नसेल, तर फक्त शनिवारचं तिकीट काढा. रविवारचं शनिवारी चहापानाची स्थिती बघून ठरवा.

गहुंजेत बहुतेक स्टँडवर छप्पर नाही, हेही किमतीतच धरा. सीझन तिकिटावर जागा सगळे दिवस तीच राहते. चुकीचा स्टँड घेतला तर ऊन रोजचं. खेळपट्टी उत्तर-दक्षिण असते. पश्चिमेच्या बाजूला बसलात तर सकाळी ऊन तोंडावर येतं आणि दुपारनंतर पाठीमागे जातं. पूर्वेच्या बाजूला दुपारभर सूर्य डोळ्यांत, चहापानानंतर तर चेंडू दिसणंही अवघड. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून उत्तरेच्या उघड्या स्टँडवर दिवसभर ऊन समोरून येतं. छपराखालच्या जागेला थोडे जास्त पैसे पडले तरी द्यावेत. टोपी घालून सहा तास काढता येतात, पण सलग तीन दिवस ते जमत नाही.

बोरिवली

वानखेडेचं गणित वेगळं आहे. मैदान साधारण 33 हजारांचं, त्यामुळे सुट्टीच्या दिवसाचं चांगल्या जागेचं रोजचं तिकीट मिळेलच असं नाही. शिवाय काही वेळा आधी सीझनची विक्री उघडते आणि उरलेल्या जागा मग रोजच्या तिकिटांना जातात. इथे भागाकार थोडा वर गेला तरी सीझन परवडतं.

दोघा-तिघांनी मिळून एक घ्यायचं असेल तर आधी एक गोष्ट तपासा: पाच दिवसांचे पाच वेगळे कागद आहेत, की एकाच कागदावर एकच बारकोड? पाच कागद असतील तर दिवस वाटून घेता येतात. एकच असेल तर रोज संध्याकाळी तिकीट पुढच्याच्या हाती पोचलं पाहिजे. दिवस वाटताना चौथा-पाचवा दिवस कुणाच्या एकट्याच्या गळ्यात मारू नका. पहिले तीन दिवस वाटा, पुढचे चिठ्ठी टाकून.

नागपूर

जामठ्यात घाई करायचं कारणच नाही. 45 हजारांच्या आसपास जागा आहेत, कसोटीला त्या सहसा भरत नाहीत, आणि रोजचं तिकीट बहुतेक वेळा आदल्या दिवशीही मिळतं. मैदान वर्धा रोडवर शहराबाहेर आहे, म्हणून तिकिटापेक्षा रोजच्या येण्या-जाण्याचा खर्च मोजा. ऑनलाइन तिकिटाचा कागद खिडकीवरून घ्यायचा असेल, तर बुकिंगचा नंबर आणि मूळ ओळखपत्र लागतं. दुसऱ्याला पाठवायचं तर सहीचं पत्र आणि ओळखपत्राची झेरॉक्स द्या.

बोरिवली

नागपूरच्या ताई, खिडकीचं बरोबर सांगितलंत. पावसाचंही लिहिते. परताव्याची अट सहसा अशी असते: त्या दिवशी एक जरी चेंडू पडला तरी पैसे परत नाहीत. सीझन तिकिटाला एका वाया गेलेल्या दिवसाचा परतावा लागू आहे का, हे पैसे भरण्याआधीच अटींत वाचा. आणि एकदा गेटबाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत सोडत नाहीत. जेवणापर्यंत बघून ऑफिस गाठणाऱ्यांनी तो दिवस अर्धाच धरावा.