मदत हवी आहे: करंटनं बैल गेला, चौकशी कुठून लावायची?

परवा आमच्या वावरात खांबाच्या तणावाच्या तारेत करंट उतरला आन् बैल जागीच गेला, धुऱ्यावरचं ओलं गवत काळं पडलं होतं. लाईनमन आला, तार बदलून गेला, म्हणे कागदपत्राची गरज नाई. जुनी तार मी घरी ठेवली, फोटो हायेत, पशुवैद्यकीय डॉक्टरकडून पोस्टमार्टम केलं, तलाठ्याचा पंचनामा बाकी हाय. विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ मंदी जनावर मेलं तरी विद्युत निरीक्षकाला (वीज अपघाताची चौकशी करणारा सरकारी अधिकारी) कळवा लागते, अन् त्याखालच्या नियमात २४ तासात, असं वाचलं. मंग वीज कंपनीनं कळवलंच नाई तर मी थेट निरीक्षकाकडं अर्ज देऊ शकतो काय? कोणी दिला असंन तर सांगा भाऊ, त्याच धुऱ्यावरून पोरं शाळेत जातेत.