मदत हवी आहे: काका गेल्यानंतरचा जॉइंट टॅक्स रिटर्न ई-फाइल होत नाहीये (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. माझे काका 2024 च्या दिवाळीनंतर गेले. काकूंनी पुन्हा लग्न केलेलं नसल्यामुळे त्या वर्षाचा फेडरल रिटर्न त्यांना जॉइंट (नवरा-बायकोचा एकत्र) भरता येतो, आणि जोडीदारानेच जॉइंट भरल्यामुळे रिफंडसाठी फॉर्म 1310 (गेलेल्या व्यक्तीचा रिफंड मागण्याचा फॉर्म) लागत नाही, इथपर्यंत कळलं आहे. सही काकू एकट्याच 'सर्व्हायव्हिंग स्पाउस' म्हणून करणार.

अडलंय ते ई-फाइलवर. रिटर्न परत येतो, कारण काकांचा आयपी पिन (दुसऱ्या कुणी आपल्या नावाने खोटा रिटर्न भरू नये म्हणून आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं, देतं तो नंबर) लागतो. तो सहा आकडी नंबर दरवर्षी नवा असतो. काकांनी तो कधीतरी घेतला होता, पण या वर्षीचं पत्र घरात कुठेच सापडत नाही. त्यांच्या ऑनलाइन खात्यात त्यांच्या नावाने लॉगिन करणं मला मुळीच योग्य वाटत नाही. आदल्या वर्षीचा एजीआय (समायोजित एकूण उत्पन्न, ई-फाइल करताना ओळख पटवायला विचारतात तो आकडा) दोघांपुढेही जॉइंट रिटर्नवरचा पूर्ण आकडा घातला आहे, त्यामुळे अडचण तिथे नसावी.

अशा वेळी जोडीदाराला तो पिन फोनवर मिळतो का? की सरळ कागदी रिटर्न, वर 'डिसीज्ड' (मृत) आणि काका गेल्याची तारीख लिहून, पोस्टाने पाठवावा? काकू आधीच खचल्या आहेत, प्रत्येक फॉर्मवर काकांचं नाव बघून रडतात. यातून गेलेल्या कुणी कृपया सांगा. 15 एप्रिल जवळ आलाय. मुदतवाढीचा 4868 तेवढा भरून ठेवते.