मदत हवी आहे: बॉस दुसऱ्याच राऊंडला आडवा होतो (डंजन्स अँड ड्रॅगन्स उर्फ डी अँड डी, टेबलावर फाशांनी खेळायचा कथाखेळ, पाचवी आवृत्ती)

तोरणमाळचा_डीएम (नंदुरबार)
मी डीएम (खेळ चालवणारा). पाच खेळाडू, सगळे पाचव्या लेव्हलला: फायटर (योद्धा), मंक (हातांनी लढणारा साधू), चोर, विझर्ड (जादूगार), क्लेरिक (पुजारी). नियम 2014 चे. मोहिमेचा शेवट सीताखाईच्या कड्यावर आहे. तिथे आग्या माश्यांची राक्षसी राणी. एसी (वार लागायला गाठायचा आकडा) 15, हिट पॉइंट (जीव) 120, डंखाची इजा 4डी8 (आठ बाजूंचे चार फासे). चाचणी म्हणून दोनदा लढवून पाहिली. पहिल्या राऊंडला (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक राऊंड) मंकने स्टनिंग स्ट्राइक (बधिर करून पाळी हिरावणारा वार) मारला आणि तिथेच खेळ संपला. हिट पॉइंट 250 केले तर लढाई लांबते, पण नुसते फासे टाकत बसावं लागतं. नेमकं काय बदलू?

वीस_बाजू (जळगाव)
हिट पॉइंटला हात लावण्याआधी पाळ्या मोजा. दोन राऊंडमध्ये त्यांच्या दहा पाळ्या, राणीच्या दोन. त्यातली एक स्टनमध्ये गेली की उरली एक. शिवाय स्टन असताना तिच्यावरचा प्रत्येक वार अॅडव्हान्टेजने (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा) होतो आणि डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईने वाचण्यासाठी टाकायचा फासा) आपोआप फसतो. वीस बाजूंच्या फाशात +7 मिळवून एसी 15 ला एरवी 65 टक्के वार लागतात, अॅडव्हान्टेजने 88 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे फायटरचे दोन वार मिळून इजा सरासरी 15, चोराचे 16, विझर्डच्या फायरबॉलचे (आगीचा गोळा) पूर्ण 28. अॅक्शन सर्ज (फायटरची त्याच पाळीतली जादा अॅक्शन) वापरला तर आणखी 15. मंक आणि क्लेरिकचे अजून धरलेलेच नाहीत. 120 कुठे पुरणार?

तिला दोन लेजंडरी रेझिस्टन्स (फसलेला सेव्ह हुकमी पास करायची संधी) द्या, पण फुकट नको. प्रत्येक वेळी ती सेव्ह जबरदस्तीने पास करेल तेव्हा एक पंख फाटतो: उडण्याचा वेग 20 फुटांनी कमी, एसी एकाने कमी. टेबलावर हे मोठ्याने सांगा. मंकचा 'की' पॉइंट (स्टनिंग स्ट्राइकसाठी खर्च होणारी शक्ती) वाया गेला असं वाटलं की खेळाडू हिरमुसतो. पंख फाटलेला दिसला की तोच पुन्हा मारायला धावतो.

मग तीन लेजंडरी अॅक्शन. दुसऱ्याची पाळी संपली की एकच पर्याय वापरायचा, तिची पाळी सुरू झाली की तिन्ही परत. अर्ध्या वेगाने उडणं (अपॉर्च्युनिटी अटॅक, म्हणजे दूर जाताना बसणारा फुकटचा वार, न खाता) याला तीनपैकी एक खर्च, डंखाला दोन. डंख 2डी8+4 ठेवा, म्हणजे सरासरी 13. या लेव्हलला मधल्या फळीतल्या पात्राचे 38 च्या आसपास हिट पॉइंट असतात, म्हणजे तीन डंखांत माणूस पडतो. वार वाढलेत, म्हणून तुमचे 4डी8 ठेवले तर दोन फटक्यांतच क्लेरिक झोपू शकतो आणि मग उरलेली लढाई त्याला उठवण्यात जाईल.

आता कडा. आग्या माश्यांचं पोळं उघडं लटकतं आणि गांधीलमाशी जवळ आली की पोळ्यावरून लाट सरकते: हजारो माश्या एकापाठोपाठ एक पोट वर उचलतात. हीच तुमची लेअर अॅक्शन (राणीच्या जागेचाच हल्ला). इनिशिएटिव्ह (पाळ्यांचा क्रम ठरवणारा आकडा) 20 ला पोळ्याच्या एका बाजूने लाट उठते, तुम्ही नकाशावर 20 फुटी पट्टा दाखवता. पुढच्या राऊंडच्या 20 ला त्या पट्ट्यात जो असेल त्याला 4डी6, डेक्स्टेरिटी सेव्ह 14, पास झाला तर निम्मे. मधे पूर्ण एक राऊंड मिळतो, म्हणून लागलं तर दोष फाशांचा नाही, उभं राहण्याचा. ओला पाला आणि मशाल ठेवा: एक अॅक्शन खर्चून धूर केला की 10 फूट जागा दोन राऊंड सुरक्षित.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
वरच्याशी सहमत, फक्त लहान माश्याही हव्यात. चारच. प्रत्येकी 1 हिट पॉइंट, एसी 13, इजा ठरलेली 4, सगळ्यांचा इनिशिएटिव्ह एकच. आठ केल्या की तुमची पाळी पाच मिनिटांची होते आणि लोक मोबाइल काढतात. टेबलावर एका माशीला एक हरभरा ठेवा, मेली की उचला. फायरबॉलने चारही गेल्या तर जाऊ द्या. तो फायरबॉल राणीवर पडला नाही.

निम्म्या हिट पॉइंटवर पोळं तुटू द्या. मध सांडून मधला 15 फुटी चौक चिकट, म्हणजे डिफिकल्ट टेरेन (निम्म्या वेगाने चालायची जागा). तिथे राणीचे हिट पॉइंट परत भरू नका. केलेला मारा पुसला गेला की टेबलाचा विश्वास जातो. आणि कड्याखाली 20 फुटांवर एक कपार ठेवा, पडला तर 2डी6. थेट खाईत पडू दिलं तर तो खेळाडू उरलेला तासभर नुसता बसून राहील.

तोरणमाळचा_डीएम
पंख आणि लाट दोन्ही घेतो. ऐनवेळी तिघंच आले तर?

वीस_बाजू
दर खेळाडूमागे 32 हिट पॉइंट धरा: पाच जणांना 160, तिघांना 96. लेजंडरी अॅक्शन दोन, माश्या दोन. डंखाची इजा तशीच ठेवा, ती कमी केली की भीतीच उरत नाही. आणि त्या दिवशी आधी दोन छोट्या चकमकी घ्या, मधे लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) नको. ताजेतवाने आले तर पहिल्याच राऊंडला सगळे स्पेल स्लॉट (जादू करायच्या मोजक्या संधी) ओततील.

गिरणाकाठ
राणी शून्यावर आली की उरलेल्या माश्या त्याच क्षणी उडवून लावा. त्या एकेक टिपण्यात वीस मिनिटं घालवू नका.