‘काही लागलं तर सांगा’ इंग्रजीत कसं लिहू?

२०३ वहिनी: १०४ मधले आजोबा उद्या दुपारी हॉस्पिटलातून घरी येतायत, खुब्याचं ऑपरेशन झालंय. दोघंच असतात. मल्याळी आहेत, बडोद्यात नवे, गुजराती येत नाही आणि हिंदीही जेमतेम. आजींसाठी मेसेज लिहिलाय, कोणीतरी बघा ना: ‘शुड आय हेल्प यू? इफ एनी वर्क, टेल मी.’

४०१ काका: चांगलं आहे की. भावना पोचली म्हणजे झालं.

३०४ ताई: काका, ती पोचावी म्हणूनच सांगते. वहिनी, ‘शुड आय’ म्हणजे ‘मी मदत करायला हवी का?’ आजी यावर काय बोलणार? आपल्या ‘करू का’ला ‘शॅल आय’ जवळचं. ‘शॅल आय ब्रिंग लंच?’ आपल्याकडे छान चालतं. अमेरिकेत बोलताना फारसं ऐकू येत नाही, तिकडे ‘डू यू वॉन्ट मी टू’ म्हणतात. आणि ‘एनी वर्क’ काढाच. आपलं ‘काही काम असेल तर सांगा’ जसंच्या तसं इंग्रजीत नेलं की तुम्ही नोकरी शोधताय असं वाटतं.

१०२ दादा: मग ‘मे आय हेल्प यू’? पोलिसांच्या बूथवर लिहिलेलं असतं ते.

३०४ ताई: नम्र आहे, पण काउंटरवरचं. अनोळखी माणूस समोर आला की म्हणायचं. ‘कॅन आय हेल्प यू’ त्याहून सैल, पण जरा तुटक सुरात म्हटलं तर ‘इथे काय करताय?’ असंही ऐकू येतं. शेजारणीला दोन्ही नकोत.

५०२: ताई, सगळे ‘लेट मी नो इफ यू नीड एनीथिंग’ लिहितात. त्यात काय चूक?

३०४ ताई: व्याकरणात काहीच नाही. पण ‘नीड’ म्हटलं की मला गरज आहे हे समोरच्याला कबूल करावं लागतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री चढली, तेव्हा मी अजून नदीकाठच्या बैठ्या घरात होते. घरात पाणी, वीज नाही, रस्त्यावर मगरी निघाल्याच्या बातम्या. ‘काही लागलं तर सांग’ असे कितीतरी मेसेज आले. मनापासूनच होते सगळे. पण मी एकालाही ‘हे हवंय’ असं लिहू शकले नाही, जीभच उचलत नाही हो. ४०१ च्या काकूंचा मेसेज मात्र वेगळा होता: ‘डबा पाठवतेय. भात की पोळी?’ मी लगेच लिहिलं, भात. हो-नाहीचा प्रश्नच त्यांनी ठेवला नव्हता. वहिनी, आजींनाही तसंच लिहा. ‘आय ॲम सेंडिंग लंच टुमॉरो. राइस ऑर चपाती?’

४०१ काका: हिला वाचून दाखवलं. डोळे पुसतेय.

२०३ वहिनी: हे कितीतरी सोपं आहे! आणि गाडीतून उतरताना आमचा मुलगा आजोबांना धरेल, तेही असंच सांगून टाकू?

३०४ ताई: नाही, तिथे विचारायचंच. डबा नको असेल तर परत करता येतो, पण अंगाला हात लावायची गोष्ट वेगळी. शिवाय ऑपरेशन ताजं, कसं धरायचं ते त्यांना सांगितलेलं असेल. ‘वुड यू लाइक माय सन टू हेल्प अंकल आउट ऑफ द कार?’ ‘वुड यू लाइक’मध्ये नाही म्हणायला जागा राहते. ‘हेल्प इन गेटिंग डाउन’ नको, जड होतं.

५०२: आमच्याकडे बाबांची उंच बैठकीची खुर्ची पडून आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर खोल बसायचं नसतं ना. लिहू का, ‘वी हॅव अ हाय चेअर’?

३०४ ताई: अरे, ‘हाय चेअर’ म्हणजे बाळाला भरवायची खुर्ची! ‘अ चेअर विथ अ हाय सीट’ लिही. आणि ‘शॅल आय ब्रिंग इट डाउन?’ जोड. फार कामाची वस्तू आहे रे ती.

२०३ वहिनी: तिन्ही एकत्र करून पाठवलं.

२०३ वहिनी: आलं उत्तर! ‘राइस, प्लीज. अँड द चेअर टुडे, इफ पॉसिबल.’ मुलाबद्दल म्हणतायत, त्यांचा भाचा येतोय, तो धरेल.

५०२: दादा, लिफ्ट चालू आहे ना?

१०२ दादा: चालू आहे. थांब, एकटा उचलू नकोस, मी वर येतोय.